पोळ्याच्या दिवशी काढलेलं लोढणं

पोळा जवळ आला, बाजारात गोंडे-घुंगरं टांगलेली दिसली, की एक प्रकरण माझ्यासमोर येऊन उभं राहतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता विसरलो. हे मात्र विसरत नाही. यात ना हत्यार होतं, ना आरोपी फरार. एक बैल होता, आणि तो बैल कुणाचा, एवढाच प्रश्न होता.

तेव्हा मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नवी न्याय संहिता यायला अजून दोनेक वर्षं होती. जनावर ताब्यात असताना त्यापासून माणसाला इजा होणार नाही अशी व्यवस्था न ठेवणं हा गुन्हा आहे. त्या वेळी तो कलम २८९ खाली यायचा, आता २९१ खाली येतो. नंबर बदलला, माणसं तीच. खरं सांगतो, या कलमाला ठाण्यात कुणी विचारत नसे. कुत्रा चावला, म्हैस उधळली, गाय शिंगावर घेऊन गेली, असं सांगत कुणी आलं की ठाणे अंमलदार हसायचा. "जनावराला काय बेड्या घालू?" हे ठरलेलं वाक्य. ते मीही म्हटलेलं आहे.

पोळ्याच्या संध्याकाळी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातून ठाण्याला कळवण्यात आलं. आमच्या हद्दीतली एक बाई, वय तीसच्या आसपास, बैलाने शिंग मारल्याने जखमी. उजव्या हाताचं कोपराजवळ हाड मोडलेलं, दोन बरगड्यांना मार. बंदोबस्तातून सगळे थकून आले होते. मी हवालदाराला म्हटलं, "जा बाबा, खबर लिहून आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन आला. बाई औषधाच्या गुंगीत होती, म्हणून खबर दिली होती तिच्या नवऱ्याने. तो गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मिरवणुकीत बैल त्याच्या हातात होता. खबरीत लिहिलं होतं: फटाके वाजले, मी कासरा सोडून दिला, बैल उधळला आणि ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बायकोला त्याने मारलं. चूक माझी आहे. बैलाच्या मालकाचा काही दोष नाही.

एका पानात गुन्हा, आरोपी आणि कबुली. पोलिसाला याहून काय हवं? मी खूश झालो. फक्त खाली उमटवलेला अंगठा अगदी भुरकट होता, रेषा म्हणून दिसत नव्हत्या. मी हवालदारावर डाफरलो.

"शाईचा पॅड सुकलाय तो बदलता येत नाही? कोर्टात हा अंगठा माझ्या तोंडावर मारतील."

"साहेब, पॅड नवाच आहे. हाताला रुमाल गुंडाळलाय त्याने, अंगठा तेवढा बाहेर काढला. तीनदा घेतला. उमटतच नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला उमटवता येत नाही!"

गुन्हा दाखल झाला आणि आरोपीच्या रकान्यात सालदाराचं नाव पडलं. ती चूक माझी होती. हवालदाराची नव्हती, शाईचीही नव्हती.

त्याच दुपारी जखमी बाईचा भाऊ ठाण्यात आला. शिरपूरकडचा तरणाबांड गडी, डोळे लाल. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "साहेब, यानी बैल मुद्दाम सोडा! मनी बहीणले मारानं व्हतं याले." त्याने बैल मुद्दाम सोडला, बहिणीला मारायचंच होतं, असं त्याचं म्हणणं.

पाठोपाठ गावातून आणखी दोघं-तिघं आले. नवरा-बायकोचं आठ दिवसांपूर्वी भांडण झालं होतं म्हणे. आदल्या दिवशी ज्यांनी काही पाहिलं नव्हतं, त्यांना आज सगळं दिसू लागलं. सालदाराने स्वतःच अंगठा दिला होता ना, कासरा सोडला म्हणून? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निष्काळजीपणाचं साधं प्रकरण बघता बघता बायकोला जाणूनबुजून जायबंदी करण्यावर चाललं होतं. तसं कलम लागलं असतं, तर तो गडी कित्येक वर्षं आत गेला असता. भावाने तर जाहीरच केलं, की बहीण बरी झाली की तिला माहेरी नेणार आणि त्या घराचं तोंड पुन्हा पाहू देणार नाही.

मीही तपासाची दिशा तशीच धरणार होतो. खोटं कशाला बोलू? आयती कबुली होती, त्यावर आयता हेतू मिळाला होता.

चार वाजता ठाण्याचा फोन वाजला. जुना लँडलाइन, नंबर दिसायची सोय नाही. बाईमाणसाचा आवाज, अगदी हळू.

"साहेब, त्या बैलना गयामा लोढणं व्हतं. ते कोठे गयं, ते इचारा."

एवढंच. फोन ठेवला गेला. तो आवाज कुणाचा होता हे मला पुढे कळलं. पण खबर देणाऱ्याचं नाव पोलिसाने सांगायचं नसतं, निवृत्त झाल्यावरही नाही. सांगणार नाही.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. मारक्या किंवा उधळणाऱ्या गुरांच्या गळ्यात एक जड लाकडाचा ओंडका बांधतात. तो पुढच्या दोन पायांमध्ये लोंबतो. जनावर पळू लागलं की तो गुडघ्यांवर आपटतो आणि पळणं थांबतं. त्याला लोढणं म्हणतात. गरीब बैलाच्या गळ्यात कुणी लोढणं बांधत नाही. म्हणजे या बैलाच्या गळ्यात ते असेल, तर हा बैल माणसाच्या अंगावर जातो हे मालकाला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही त्याने ते काढलं असेल, तर सगळं प्रकरणच पालटतं. मी स्वतः मुक्ताईनगरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. हे मला फोनवरून कळावं, याची मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय अधिकारी आणि दोन पंच घेऊन मी गावात गेलो. मालकाला सगळं गाव आप्पा म्हणायचं, मीही तेच म्हणतो. पन्नाशीचा, स्वच्छ कपड्यातला, आब राखून बोलणारा माणूस. दवाखान्यात बाईला स्वतःच्या गाडीतून त्यानेच नेलं होतं. रात्रभर बाकावर बसून होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो.

बैल गोठ्यात उभा होता. शिंगांना हिंगुळाचा लाल रंग तसाच, पाठीवर रंगाचे ठिपके, आणि डोळ्यात काही म्हणजे काही पश्चात्ताप नाही. डॉक्टर सावधपणे जवळ गेले, वाकून पुढचे पाय पाहिले आणि मला बोलावलं.

"हे बघा. दोन्ही गुडघ्यांखाली केस गेलेत, कातडी जाड झालीय. रोज काहीतरी आपटत होतं इथे. मानेवरही दोराचा वळ आहे."

"जुना की ताजा?"

"वर्ष-दोन वर्षांचा असेल. पण परवा-तेरवापर्यंत चालू होता."

मी आप्पाकडे पाहिलं. "आप्पा, लोढणं कुठाय?"

"कसलं लोढणं? वासरू होतं तेव्हा कधीतरी बांधलं असेल," आप्पा म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

झडती सुरू केली. कडब्याची गंजी पाहिली, सरपणाचा ढीग उलथापालथा केला, विहिरीत डोकावलो. काही नाही. हवालदार म्हणाला, "साहेब, चुलीत गेलं असेल कधीच." मलाही तसंच वाटलं. निघता निघता औजारांच्या खोलीचं दार उघडलं.

त्या घराची एक रीत होती. पोळ्याला नुसत्या बैलांची नाही, शेतीच्या सगळ्या औजारांची पूजा करायची. भिंतीला लावून एका ओळीत सगळं मांडलेलं होतं: जू, वखर, पाभर, कोळपं. प्रत्येकाला हळदी-कुंकवाची पाच-पाच बोटं, वर सुकलेली फुलं. आणि त्या ओळीत शेवटी, भोक पाडलेला, दोराने गुळगुळीत झालेला हातभर लांबीचा ओंडका. त्यालाही पाच बोटं. त्यालाही फूल.

दारात आप्पाची म्हातारी आई उभी होती, सगळे तिला अक्का म्हणत. मी विचारलं, "अक्का, हे इथे कुणी ठेवलं?"

म्हातारी सरळ बोलून गेली. "मीच. हाऊ म्हणे, फेकी दे. बैलना आंगले लागेल लाकूड पोयाना दिन फेकतस का?"

आप्पा फेकून दे म्हणाला होता, पण बैलाच्या अंगाला लागलेलं लाकूड पोळ्याच्या दिवशी फेकतात का, असं ती मला विचारत होती. पूजा झाली होती सकाळी. म्हणजे ओंडका बैलाच्या गळ्यातून निघाला होता पूजेच्या आधी, त्याच सकाळी. याहून पक्की वेळ मला कुठल्या साक्षीदाराने सांगितली नसती. आप्पा खाली बसला. आईवर ओरडला नाही, एवढं मात्र मी पाहिलं.

पंचनामा झाला. ठाण्यात मुद्देमाल कारकून माझ्या मागे लागला, "साहेब, वर्णन काय लिहू? हत्यार म्हणू का?" मी म्हटलं, "लाकडी लोढणं एक नग, हळदी-कुंकू लागलेलं, असं लिही. कुंकू पुसलंस तर तुझी खैर नाही."

आता सालदाराला विचारायचं होतं. त्याला ठाण्यात बोलावलं. सडपातळ, खाली मान घालून बोलणारा. दोन्ही हात रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवून बसला होता.

"लोढणं कुणी काढलं?"

"मी काढं, साहेब. कासराबी मीच सोडा. मनी चूक शे. मनं नाव लिखी ल्या."

"तुझा मेव्हणा म्हणतो, तू बायकोवर मुद्दाम बैल घातलास. त्यालाही हो म्हणतोस का?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण पुसायला हात वर करेना. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "रुमाल काढ."

तो काढेना. हवालदाराने हळूच सोडवला. दोन्ही तळहातांची कातडी सोलून निघाली होती. बोटांवर, अंगठ्यावर, सगळीकडे दोराने मांस उघडं पडलेलं. तीन दिवस या माणसाने तळहात कुणाला दाखवले नव्हते. बायको ज्या दवाखान्यात पडली होती, तिथल्या डॉक्टरलाही नाही. त्याचा अंगठा उमटणार कसा? कासरा सोडणाऱ्याचे हात असे होत नाहीत. कासरा न सोडणाऱ्याचे होतात.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. शाईच्या पॅडवरून त्याच्यावर डाफरलो होतो, ते मला आठवलं.

"अरे वेड्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला होता, "तुझी बायको तिकडे पडलीय. तू तुरुंगात गेलास तर तिचं कोण? कुणासाठी हे?"

रुमाल पुन्हा हातांवर ओढत तो बोलला. "मनं काय जाई, साहेब? मनं नाव कोनले माहीत शे? त्यासनं नाव जाई."

माझं काय जाणार, माझं नाव कुणाला माहीत आहे, नाव जाईल ते मालकाचं. आठ वर्षं तो त्या घरी जेवला होता. पोळ्याला आप्पा त्याला नवे कपडे करायचा आणि आपल्या शेजारी पाटावर बसवून वाढायचा. आप्पाने त्याला खोटं बोलायला सांगितलं होतं का? मी खोदून खोदून विचारलं. नाही. आप्पा दवाखान्यात फक्त म्हणाला होता, "आता कसं करायचं?" आणि यानेच पुढे होऊन सांगितलं, "मी सांगतो, माझ्या हातून सुटला." आप्पाने नको म्हटलं नाही. या कबुलीत एवढाच आप्पाचा गुन्हा. पण तो लहान नव्हता.

त्याच संध्याकाळी मी धुळ्याला जाऊन बाईचा जबाब स्वतः घेतला. तिचा भाऊ खाटेशेजारी बसलेला. तिला बोलताना बरगड्या दुखत होत्या, थांबून थांबून बोलत होती. मी विचारायच्या आधीच तिने सुरू केलं.

"त्यासनी कासरा सोडा नही, साहेब. बैलनी त्यासले पारपर्यंत फरफटत नेयं. मी देखं. त्यासना हात देखात का तुम्ही?"

"पाहिले," मी म्हटलं.

"मंग कागदवर असं का लिखेल शे?"

भाऊ तिला म्हणाला, "तू त्याला वाचवतेस." ती त्याच्यावर इतकी चिडली की नर्स धावत आली. हात बरा होईल का, हे तिने मला एकदाही विचारलं नाही. कोपर पूर्ण वळणार नाही असं डॉक्टरांनी तिला सकाळीच सांगितलं होतं. तिचं म्हणणं एकच: नवऱ्याच्या नावावर लिहिलेलं खोडा.

आप्पाला मी शेवटी बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. त्याने चहाला हात लावला नाही.

"साहेब, दवाखान्याचं सगळं मी बघतोय. पुढेही बघेन. आणखी काय करू?"

"आप्पा, मिरवणुकीत बैल पुढे होता तेव्हा तो कुणाचा होता?"

"माझा."

"तोरणाखालून पहिला कुणाचा बैल गेला? फेटा कुणी बांधला?"

"मीच."

"आणि कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा बैल सालदाराचा कसा झाला?"

मग त्याने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी याच बैलाने त्याच्या धाकट्या भावाला खळ्यात उडवलं होतं, तेव्हापासून लोढणं. पोळ्याच्या सकाळी सालदार म्हणाला होता, "आप्पा, लोढणं राहू द्या, गर्दी असते." आप्पा म्हणाला, "वर्षभर राबतो रे तो. आजच्या दिवशी तरी त्याच्या गळ्यात ओझं नको." एवढं बोलून त्याने स्वतःच्या हाताने दोर सोडला. कासरा सालदाराला दिला आणि आपण फेटा बांधून पुढे चालू लागला.

मला तो माणूस समजत होता. माझ्या वडिलांनीही तेच केलं असतं. पण पोलिसाकडे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून मी ती धरून बसलो नाही. लोढणं, डॉक्टरांचा दाखला, बाईचा जबाब, एवढं पुरेसं होतं. सालदाराच्या विरुद्ध पुरावा नाही, असा कलम १६९ चा अहवाल पाठवून त्याचं नाव वगळलं आणि दोषारोपपत्र आप्पावर केलं. वरिष्ठांनी विचारलं, आधी एक आरोपी आणि मग दुसरा, हा काय पोरखेळ? मी लेखी खुलासा दिला. चूक माझी, असं लिहिलं. ते वाक्य लिहायला किती जड जातं, हे त्या दिवशी कळलं. सालदाराने त्याखाली किती सहज अंगठा दिला होता, आणि तोही न केलेल्या चुकीसाठी.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं विचाराल, तर एक साधी गोष्ट. कबुली मिळाली की तपास संपत नाही, खरा तपास तिथून सुरू करायचा असतो. गरीब माणूस लवकर कबूल होतो. त्याला सवय असते. आणि जनावर पाळणाऱ्यांनाही एक सांगावंसं वाटतं. तुमचा कुत्रा असो, घोडा असो, बैल असो, त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, समोरच्याला नाही. कायदा एवढंच म्हणतो, की जे तुम्हाला माहीत आहे त्याची काळजी तुम्ही घ्या. दोर दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून जबाबदारी दिली असं होत नाही. लाड म्हणून दोर सोडला, श्रद्धेने सोडला, तरी मोडलेला हात मोडलेलाच.

काही महिन्यांनी केस शिंदखेड्याच्या कोर्टात उभी राहिली. मी हजर होतो. आप्पाचा वकील हुशार होता. गुन्हा नाकबूल म्हणायचं, फटाके कुणी वाजवले ते पोलिसांना शोधू द्यायचं, असं त्याचं ठरलं होतं. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

आप्पाने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर ती बाई बसली होती. उजवा हात अर्धवट वाकलेला, पदर डाव्या हाताने सावरत होती. शेजारी तिचा नवरा, आणि जरा अंतर ठेवून तिचा भाऊ.

वकील काहीतरी पुटपुटला. आप्पाने ते ऐकलं नाही.

"बैल मना शे, साहेब," तो म्हणाला. "लोढणं मी काढं. त्यानी कासरा सोडा नही."

न्यायाधीशांनी ते मराठीत पुन्हा विचारून घेतलं आणि लिहून घेतलं. शिक्षा दंडाची झाली. बाईला नुकसानभरपाई द्यायचा आदेशही झाला. आप्पा सही करून निघून गेला.

बाहेर लिंबाखाली ते तिघं माझी वाट पाहत थांबले होते. बाई म्हणाली, "साहेब, ते लिखं का? कासरानं?"

"लिहिलं," मी म्हटलं.

"वाची दखाडा."

माझ्या फाइलीत अहवालाची प्रत होती. ती काढली आणि वाचली: कासरा हातातून सोडल्याचा कोणताही पुरावा नाही, उलट त्याच्या दोन्ही तळहातांवर दोर घासल्याच्या गंभीर जखमा आढळल्या.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं, या वेळी सावकाश. सालदार जमिनीकडे पाहत होता. ती भावाकडे वळली.

"ऐकं ना रे भाऊ?"

भाऊ पुढे झाला, मेव्हण्याच्या हातातली जड पिशवी आपल्या हातात घेतली आणि तिघं बस स्टँडकडे चालू लागले.